आज वेदीवर कोणता रंग? ख्रिस्ती वर्षाचे रंग आणि त्यांचे अर्थ

१ नोव्हेंबरला बेळगावात रंगाला काय वजन असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे काळा दिन पाळणाऱ्या मराठी माणसाच्या दंडावरची काळी फीत. त्याच सकाळी कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलमध्ये मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पण करणारे फादर पांढऱ्या वस्त्रात असतात. त्याचा सीमाप्रश्नाशी काही संबंध नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, आणि त्याचा रंग पांढरा. दुसऱ्याच दिवशी, २ नोव्हेंबरला, तेच फादर जांभळ्या वस्त्रात दिसतात, कारण तो मृतांच्या आठवणीचा दिवस. आणि तो संपला की पुन्हा हिरवा.

शेजारीपाजारी कधी सणाला किंवा लग्नाला चर्चमध्ये येतात आणि बाहेर पडताना विचारतात, मागच्या खेपेला हिरवं होतं, आज जांभळं कसं? पुष्कळ ख्रिस्ती घरांतही याचं उत्तर “तसा नियम आहे” इतकंच मिळतं. नियम आहे, हे खरंच. पण त्यामागचा विचार समजला की वर्षभराची उपासना वेगळीच दिसायला लागते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी रंग कुठे दिसतो ते बघू. फादर सगळ्यांत आत घालतात तो पायघोळ पांढरा झगा, आल्ब. तो वर्षभर पांढराच. त्यावर गळ्यातून पुढे दोन्ही बाजूंनी सोडलेला लांब पट्टा म्हणजे स्टोल, आणि सगळ्यांत वरचं मोठं, खांद्यावरून सैल पडणारं वस्त्र म्हणजे चॅझुबल. दिवसाचा रंग या दोन वस्त्रांना लागतो. काही चर्चमध्ये प्रवचनपीठावर आणि वेदीच्या पुढच्या बाजूला त्याच रंगाचा कपडा सोडतात. वेदीवर अंथरलेला कपडा मात्र पांढराच असतो, मग दिवस कोणताही असो.

रोमन कॅथलिक परंपरेत आज नेहमीच्या वापरातले रंग चार: पांढरा, तांबडा, हिरवा, जांभळा. गुलाबी वर्षातून दोनदाच. काळ्याला परवानगी आहे, पण तो क्वचित दिसतो. आणि मोठ्या सणाला, त्या दिवसाचा रंग नसला तरी, चर्चमधलं सगळ्यांत मौल्यवान वस्त्र घालायला मुभा आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जरीकाम केलेलं सोनेरी वस्त्र दिसतं ते यातूनच.

आता मुख्य गोष्ट. पांढरा म्हणजे शांती, तांबडा म्हणजे प्रेम, हिरवा म्हणजे आशा अशी कोष्टकं पोरांना कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात पाठ करायला लावतात. ती चुकीची नाहीत, पण त्यांच्यावरून उद्या कोणता रंग येणार ते सांगता येत नाही. पवित्र हृदयाचा सण घ्या. घरोघरी तसबिरीत येशूचं हृदय तांबडंलाल असतं, तरी त्या सणाचा रंग पांढरा. मारिया मातेच्या मूर्तीला निळा शेला असतो, पण तिच्या सणालाही फादर पांढरंच घालतात. निळा रंग रोमन यादीत नाहीच. स्पेनला ८ डिसेंबरच्या सणापुरती त्याची खास परवानगी आहे. आपल्याकडे पांढऱ्या वस्त्राला निळी किनार लावून भक्तीची हौस भागवतात, आणि त्यात काही गैर नाही.

रंग ठरतो तो दोन प्रश्नांवरून. येशूच्या जीवनातल्या कोणत्या टप्प्यावर आज मंडळी उभी आहे? आणि आज एखाद्या संताची आठवण असेल, तर तो संत कसा मेला?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो चटकन समजतो. नाताळचा आठवडा बघा. २५ डिसेंबर, पांढरा. २६ डिसेंबरला तांबडा, कारण तो दगडमार सोसून मेलेल्या पहिल्या हुतात्म्याचा, संत स्तेफनाचा दिवस. २७ ला पुन्हा पांढरा: प्रेषित योहानाचा सण. प्रेषितांच्या सणाला एरवी तांबडा असतो, पण परंपरेनुसार योहानाला म्हातारपणी नैसर्गिक मरण आलं, म्हणून त्याला पांढरा. २८ ला परत तांबडा, कारण हेरोदाने बेथलेहेमातली कोवळी पोरं मारली त्यांची ती आठवण. गव्हाणीत बाळ येशू आहे, बाहेर तारे लटकताहेत, करंज्या-नेवऱ्यांचे डबे अजून भरलेले आहेत, आणि वेदीवर एक दिवसाआड रक्ताचा रंग येतो. जो बाळ म्हणून आला तो कशासाठी आला, हे चर्च नाताळच्या गोडव्यातही विसरू देत नाही. वर्षभरातल्या रंगांत मला हा आठवडा सगळ्यांत खोल वाटतो.

हाच हिशेब भारतीय संतांना लावून बघा. १४ जानेवारीला, संक्रांतीच्या सुमारास, संत देवसहायम यांची आठवण असते. ते तमिळनाडूकडचे, घरसंसारी माणूस, विश्वासासाठी मारले गेले; २०२२ मध्ये संतपद मिळालं. रंग तांबडा. दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, संत जोसेफ वाझ. गोव्याचे हे धर्मगुरू कानडा मुलुखात आणि नंतर श्रीलंकेत राबले, छळ सोसला, पण मेले ते आजारी पडून. म्हणून पांढरा. आणि ६ फेब्रुवारीला आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ मध्ये जपानातल्या नागासाकीला क्रुसावर मारलं. पुन्हा तांबडा. हिरव्या आठवड्यांच्या मधोमध हे तीन दिवस असे येतात, आणि नुसत्या वस्त्रावरून कोणाचं मरण कसं आलं ते कळतं. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरांनाही पांढराच: तेही चीनच्या दारात, एका बेटावर, तापाने गेले.

तांबड्याचा आणखी एक अर्थ आहे तो अग्नीचा. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टला, प्रेषितांवर पवित्र आत्मा अग्निज्वालांच्या रूपात उतरला. त्या दिवशी तांबडा. बिशप दृढीकरण संस्कार (बाप्तिस्मा झालेल्याला विश्वासात पक्कं करणारा विधी) द्यायला गावात येतात तेव्हाही बहुधा हाच रंग असतो.

मग गुड फ्रायडे? तो दिवस दुःखाचा, म्हणजे काळा असायला हवा, असं पुष्कळांना वाटतं. आणि कित्येक शतकं तो काळाच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणेत, १९७० च्या मिस्साग्रंथाने, तो तांबडा केला. हा बदल नुसता कापडाचा नव्हता. काळा घातला की आपण एका मयताला जमलो आहोत असं होतं. तांबडा सांगतो की क्रुसावरचा माणूस स्वतःहून प्राण देणारा आहे, पहिला साक्षीदार आहे, आणि राजा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शिपाई त्याची थट्टा करायला राजाचा झगा अंगावर घालतात. चर्च तो झगा खरा मानतं. झावळ्यांच्या रविवारीही, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तांबडाच असतो, कारण त्या दिवशी दुःखसहनाचं पूर्ण वाचन होतं. म्हणून पवित्र आठवड्यात रंग झपाझप बदलतात: रविवारी तांबडा, सोमवार ते बुधवार जांभळा, गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाचा पांढरा, शुक्रवारी तांबडा, शनिवारी दिवसभर मिस्साच नाही, आणि रात्री जागरणाला, नवीन अग्नी पेटवून, पुन्हा पांढरा. गुरुवारच्या मिस्सानंतर वेदीवरचे कपडेसुद्धा काढून घेतात. शुक्रवारी वेदी उघडी असते, आणि ते उघडेपण कोणत्याही रंगापेक्षा जास्त बोलतं.

आता पहिला प्रश्न, वर्षाच्या टप्प्यांचा.

ख्रिस्ती वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते सुरू होतं ३० नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळच्या रविवारी. तिथून नाताळपर्यंतचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, रंग जांभळा. मग नाताळ आणि त्यामागून येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत पांढरा. तिथून राखेच्या बुधवारपर्यंत हिरवा. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो, पुन्हा जांभळा. ही राख मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली असते. मग ईस्टर आणि त्यानंतर पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवस पांढरा. पेंटेकॉस्टला तांबडा, आणि तिथून पुढच्या आगमनकाळापर्यंत मोठा हिरवा पट्टा.

यातला निम्मा भाग दरवर्षी सरकतो, कारण ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. पंचांग बघणाऱ्याला हे लगेच उमगेल: ही पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमा असते, म्हणजे हनुमान जयंती, काही वर्षी फाल्गुनी, म्हणजे होळीची. चर्चचं गणित ठरावीक कोष्टकावर चालतं, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण ठोकताळा चुकत नाही. २०२४ मध्ये होळी पेटली तो २४ मार्च झावळ्यांचा रविवार होता. २०२६ ची हनुमान जयंती २ एप्रिलची, तोच पवित्र गुरुवार, आणि ईस्टर ५ एप्रिलला.

२०२६ हेच वर्ष नमुना म्हणून घेऊ. महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, आणि तीन दिवसांनी १८ ला राखेचा बुधवार. म्हणजे एकाच आठवड्यात शेजारच्या घरातही उपवास आणि ख्रिस्ती घरातही. तिथून जांभळा. १५ मार्चला गुलाबी (त्याचं पुढे सांगतो). १९ मार्चला गुढीपाडवा, कन्नड शेजाऱ्यांची युगादी, आणि चर्चमध्ये त्याच दिवशी संत योसेफाचा सण, म्हणजे जांभळ्यात एक दिवस पांढरा. २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, देवदूताने मारियेला निरोप दिला त्या सणाचा पांढरा. ५ एप्रिलपासून पांढरा, २४ मे ला पेंटेकॉस्टचा तांबडा, आणि त्यानंतर हिरवा. जूनमध्ये त्रैक्याचा, ख्रिस्तदेहाचा आणि पवित्र हृदयाचा पांढरा सण येऊन जातो (त्रैक्याचा २०२६ मध्ये ३१ मे लाच), आणि मग पावसाळाभर हिरवा.

आणि हिरवा खरोखर पावसाळाभर. वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे सामान्य काळाचे, म्हणजे हिरव्याचे. त्यातला मोठा भाग खानापूर तालुक्यात भाताची रोपं लावण्यापासून कापणीपर्यंत पुरतो. हा योगायोग आहे; हे वेळापत्रक ठरलं तेव्हा कोणाच्या डोळ्यांसमोर आपला मॉन्सून नव्हता. तरी जुलैत जांबोटी-चोर्ल्याकडे जाताना दोन्ही बाजूंना जे दिसतं, ते बघून चर्चमध्ये शिरलं की वस्त्राचा रंग बाहेरूनच आत आल्यासारखा वाटतो, आणि मला त्यात देवाची कृपा दिसते. “सामान्य” म्हणून या काळाला कमी लेखू नये. या रविवारांना येशूची शिकवण ओळीने वाचली जाते: दाखले, आजाऱ्यांना बरं करणं, भाकरी वाटणं, शिष्यांना रागावणं. सणांना तो जन्मतो, मरतो, उठतो. हिरव्यात तो माणसांत फिरतो. विश्वास वाढायचा तो याच आठवड्यांत.

सॅक्रिस्टीत, म्हणजे वस्त्रं ठेवायच्या खोलीत, कामाला हातभार लावायला जाणाऱ्याला हिरव्याचं महत्त्व कापडावरूनच कळतं. कपाटातलं सगळ्यांत झिजलेलं वस्त्र हिरवं असतं. मानेशी घामाचे डाग, खांद्यावर विरलेलं, अस्तराला दोनदा टाके मारलेले. गुलाबीला घडीची रेघसुद्धा मोडलेली नसते. आमच्या पावसात खरी चिंता या न वापरल्या जाणाऱ्या वस्त्रांची. ऑगस्टमध्ये दमट हवेने जांभळ्या सॅटिनवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटतात, म्हणून ऊन पडलं की तो गठ्ठा दोरीवर टाकायचा, कपाटात डांबरगोळ्या बदलायच्या, आणि तांबडं व पांढरं कधी एकावर एक घडी घालून ठेवायचं नाही, कारण ओलाव्याने तांबड्याचा रंग उतरतो. जरीवर इस्त्री उलट्या बाजूने फिरवायची. ही कामं बहुतेक गावांत सिस्टर किंवा पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या मंडळीतल्या, बायका करतात. त्यांना विचारा, उद्या कोणता रंग ते त्या कॅलेंडर न बघता सांगतील.

जांभळ्याबद्दल थोडं. आगमनकाळातही जांभळा आणि उपवासकाळातही जांभळा, पण दोन्हींची चव एक नाही. उपवासकाळाचा जांभळा पश्चात्तापाचा: मांसाहार कमी, लग्नं पुढे ढकललेली, क्रुसाच्या वाटेची भक्ती, मिस्सात “आलेलुया” बंद. आगमनकाळाचा जांभळा वाट बघण्याचा. त्यात “आलेलुया” चालू असतं. जाणकार शिंपी दोन्हींसाठी छटाही वेगळ्या धरतात, आगमनाला निळसर झाक आणि उपवासाला तांबूस. नियम तसा भेद करत नाही, आणि लहान गावात एकच जांभळं वस्त्र दोन्हीकडे चालतं.

या दोन्ही काळांच्या मध्याजवळ एकेक रविवार गुलाबी. आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा. त्या दिवशीच्या प्रवेशगीताची सुरुवातच “आनंद करा” अशा अर्थाच्या शब्दांनी होते. अर्धी वाट सरली, सण आता टप्प्यात आला, म्हणून जांभळ्यात जरा उजेड मिसळायचा. आगमनकाळात दर रविवारी एकेक मेणबत्ती पेटवतात त्या चक्रात तीन जांभळ्या मेणबत्त्यांबरोबर एक गुलाबी असते ती याच रविवारची. गुलाबी वस्त्र असलंच पाहिजे असा आग्रह नाही. नसेल तर जांभळंच घालावं. वर्षातून दोनदा घालायच्या वस्त्रावर गरीब पॅरिशने पैसे घालावेत का, यावर मतं वेगळी असू शकतात. मला विचाराल तर घालावेत. पोरांना तो बदल एकदा डोळ्यांनी दिसला की उपवासाला शेवट आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

हे सगळं ठरवलं कोणी? पहिल्या शतकांत रंगांचे नियम नव्हतेच. धर्मगुरू रोमन माणसाचे चांगल्यातले कपडे घालत, आणि शुभ्र रंग नेहमीचा. चॅझुबल म्हणजे मुळात प्रवासात अंगावर घ्यायचा रोमन झगा. बाहेर फॅशन बदलत गेली, चर्चने जुना कपडा ठेवला, आणि तो कपडा आपोआप पवित्र वस्त्र झाला. बाराव्या शतकापर्यंत रंगांच्या चाली गावोगावी वेगळ्या होत्या. पुढे ११९८ मध्ये तिसरा इनोसंट या नावाने पोप झालेल्या कार्डिनलने, पोप होण्याआधी, रोममधली पद्धत लिहून ठेवली: सणाला पांढरा, हुतात्म्यांना आणि प्रेषितांना तांबडा, शोकाला आणि प्रायश्चित्ताला काळा, बाकीच्या दिवसांना हिरवा. हिरवा का, याचं त्याने दिलेलं कारण साधं आहे: तो पांढरा, काळा आणि तांबडा यांच्या मधला रंग आहे. जांभळ्याला तो काळ्याच्या घरातलाच धरतो. १५७० मध्ये पाचव्या पायसने मिस्साग्रंथ एक केला आणि रंगांची ही मांडणी जगभर पक्की झाली. गोव्यात पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्याबरोबर ही वस्त्रंही आली, आणि घाट चढून बेळगावकडे आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तीच रीत वर आणली. बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५३ सालचा. आज त्याच धर्मप्रांतात कोंकणी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चारही भाषांत मिस्सा होते. प्रार्थनेचे शब्द बदलतात, कोअरची गाणी बदलतात, वस्त्राचा रंग त्या दिवशी सगळीकडे एकच.

एकाच दिवशी दोन रंगांचा हक्क आला तर? त्याला पायऱ्या आहेत. आगमन, उपवास आणि ईस्टर या काळांचे रविवार कोणत्याही संताच्या सणापेक्षा वरचे. पवित्र आठवडा तर कोणालाच वाट देत नाही. २०२४ मध्ये २५ मार्च पवित्र आठवड्यात आला, म्हणून देवदूताच्या निरोपाचा सण थेट ८ एप्रिलला सरकला. याउलट हिरव्या रविवारी मोठा सण आला तर हिरवा बाजूला होतो. १५ ऑगस्ट रविवारी येवो की बुधवारी, मारियेच्या स्वर्गारोहणाचा पांढराच. फादरांकडे दरवर्षीची छापील पुस्तिका असते, ऑर्डो, तीत प्रत्येक तारखेसमोर वाचनांबरोबर रंगही दिलेला असतो. गावातला वाद तिथे मिटतो.

लग्नाच्या मिस्साला पांढरा. बेळगावच्या कोंकणी कुटुंबांत वधू चर्चमध्ये पांढऱ्या पोशाखात असते आणि नंतर साडो म्हणून लाल वस्त्र नेसते; पांढरा तिच्यासाठी चर्चचा आणि लाल घरचा, सौभाग्याचा. दोन्ही एकाच दिवशी, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. पांढऱ्याच्या बाबतीत शेजाऱ्यांचा गोंधळ मात्र मी समजू शकतो. आपल्याकडे मयताला पांढरं नेसून जातात, आणि इथे तर ईस्टरचा, वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या आनंदाचा रंग पांढरा. ख्रिस्ती मनात पांढरं येतं ते बाप्तिस्म्याच्या कपड्यातून आणि रिकाम्या कबरीशी बसलेल्या देवदूताच्या झग्यातून. म्हणूनच अंत्यविधीच्या मिस्साला जांभळा चालतो, पांढरा चालतो, रीत असेल तिथे काळाही चालतो. जांभळा म्हणतो, गेलेल्यासाठी प्रार्थना करा. काळा म्हणतो, रडायला लाज नको. पांढरा म्हणतो, तो उठणार आहे. लहान मूल गेलं तर पांढराच घालतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत चित्र वेगळं. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम १८२० मध्ये सुरू झालं, आणि त्या परंपरेत रंगीत वस्त्रांना स्थान नव्हतं. वचन आणि प्रवचन हेच मुख्य. कॅम्पातलं १८६० च्या दशकात बांधलेलं सेंट मेरीज चर्च मात्र अँग्लिकन वळणाचं, आज चर्च ऑफ साउथ इंडियाचं. या परंपरेत वर्षाचे रंग ओळखीचे आहेत, पाळकांच्या स्टोलवर आणि प्रवचनपीठाच्या कपड्यावर ते दिसतात. गुड फ्रायडेला पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्यांत अजून काळा कपडा असतो किंवा पीठ उघडंच ठेवतात. एकाच शहरात, एकाच दुपारी, एका चर्चमध्ये तांबडा आणि दुसऱ्यात काळा. दोघेही एकाच मरणाबद्दल बोलत असतात.

आणि भगवा? हा प्रश्न बेळगाव जिल्ह्यात विचारला गेलेला आहे, म्हणून तो टाळता येत नाही. देशनूरला येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी काही दशकांपूर्वी लिंगायतांच्या विरक्त मठाच्या धर्तीवर आश्रम उभा केला. तिथले धर्मगुरू भगवी वस्त्रं घालून, शाकाहारी राहून, या मातीतल्या संन्याशासारखं जगले. २०१९ मध्ये बेळगावचे बिशप डेरेक फर्नांडिस यांनी तिथे मिस्सा केली. भगवी वस्त्रं, कपाळी टिळा, गळ्यात रुद्राक्ष असे त्यांचे फोटो सगळीकडे फिरले, आणि टीका दोन्ही बाजूंनी झाली. काही ख्रिस्ती म्हणाले, हा आपला रंग नाही. काही हिंदू म्हणाले, हा आमचा रंग आहे.

नियम काय सांगतो ते बघावं. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी बारा मुद्द्यांना मान्यता दिली. त्यांत वेदीसमोर पंचांग प्रणाम, आरती, समई यांच्याबरोबर एक मुद्दा वस्त्राचाही आहे: नेहमीच्या रोमन वस्त्रांऐवजी अंगरख्यासारखा साधा झगा आणि अंगवस्त्र चालेल. तो मुद्दा वस्त्राच्या घाटाबद्दल आहे. मिस्साग्रंथाच्या नियमांतल्या रंगांच्या कलमात भगवा कुठे नाही. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की देशातली बिशप परिषद लोकांच्या गरजेला आणि संस्कृतीला धरून रंगांत बदल सुचवू शकते, रोमने तो मान्य करायचा. म्हणजे दार बंद नाही, त्याला रीतसर उंबरठा आहे. मला वाटतं, या भूमीत त्यागाचा रंग कोणता असं कोणालाही विचारलं तर तो एकच नाव घेईल, आणि जांभळ्याचं उपवासकाळातलं काम इथे भगवा करू शकेल का, हा विचार बिशपांनी आणि लोकांनी एकत्र बसून करायला हरकत नाही. तो करताना ज्यांचा तो रंग आधीपासून आहे त्या शेजाऱ्यांनाही विचारावं. तोवर देशनूरच्या मिस्सातही ऑर्डोत त्या दिवशी लिहिलेला रंगच दिवसाचा रंग राहतो.